मापात पाप: ३० किलोच्या टेबल काट्याबद्दल

जालन्यात आमचं किराणा आणि थोडं भुसार असं दुकान आहे. पारड्यांचा जुना तराजू काढून मी इलेक्ट्रॉनिक टेबल काटा घेतला. कंपनीचं नाव सांगत बसत नाही. या मापाच्या बहुतेक काट्यांना लागू पडेल तेवढंच लिहितो.

आधी कामाचं. ज्वारी, तूर, साखर यांना काटा झकास आहे. गुळाचा खडा ठेवला की आकडा नाचत नाही, लगेच थांबतो. गिऱ्हाईक शेंगदाण्याला घरचा डबा घेऊन आलं तर रिकामा डबा ठेवायचा, टेअर दाबायचं, शून्य आलं की भरायचं. लाईट गेली तरी बॅटरी दम धरते, आणि आमच्याकडं लाईटीचा भरवसा कुणी धरत नाही. बटणांवर प्लास्टिकचं कव्हर मात्र वेगळं मागून घ्या. पिठाचे हात लागून दोन बटणं लवकरच रुसतात.

एक गोष्ट विकणारा सांगत नाही. काट्याच्या पाटीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं: कमाल ३० किलो, किमान १०० ग्रॅम, टप्पा ५ ग्रॅमचा, म्हणजे आकडा पाच-पाच ग्रॅमनं सरकतो. आणि किमान १०० म्हणजे त्याच्या आतला माल यावर तोलायचाच नाही. वेलदोडे, लवंग, हिंग यांना लहान काटा वेगळा ठेवावा लागतो. कितीतरी दुकानांत १० ग्रॅम वेलदोडे याच काट्यावर जोखलेले मी पाहिलेत, आणि दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही.

दुसरी गोष्ट स्टॅम्पिंगची. इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी वैधमापन खात्याकडून तपासून घ्यावा लागतो, लोखंडी वजनं दोन वर्षांनी. निरीक्षक आपली प्रमाणित वजनं काट्यावर ठेवतो, आकडा बघतो आणि तारेला शिशाची सील मारतो. काट्यानं स्वतःच ‘मी बरोबर आहे’ म्हटलेलं कायदा ऐकून घेत नाही. मला या काट्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही सीलच आहे.

त्याचं कारण घरातलं आहे. आमचे पणजोबा बेथेलचे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या काळात जालन्याजवळ वसवलेली ती ख्रिस्ती वस्ती. घरात बायबलच्या नीतिसूत्रांतलं एक वचन पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे असं सांगणारं. त्याच पुस्तकात पुढं असंही आहे की पिशवीतली वजनंसुद्धा त्याचीच. लहानपणी मला वाटायचं, देवाला जालन्याच्या मोंढ्यातलं, म्हणजे धान्यबाजारातलं, बरंच ठाऊक आहे.

शेजारी एक निवृत्त सर राहतात. नास्तिक, आणि चोख माणूस. जास्तीचे पैसे गेले तर दुपारच्या उन्हात परत आणून देतात. काटा आणला त्या दिवशी ते स्टुलावर बसून म्हणाले, “भाऊ, किलो माणसांनी ठरवला. तसंच चांगलं-वाईटही समाजानं ठरवलेलं. तुमचा देव मधे कशाला?”

मी म्हटलं, सर, एककाचं नाव माणसांनी ठरवलं, खरं आहे. पण हे पोतं त्या पोत्यापेक्षा जड आहे, हे कुठल्या सभेत ठरलं? मोंढ्यात शेतकऱ्याच्या मालाला कडता लावणारा, म्हणजे वजनातून काही कापून धरणारा व्यापारी बघा. त्याच्याच दुकानात साखरेचं पोतं कमी भरून आलं की तो केवढा तापतो! ‘तुमचं माप तुमच्यापुरतं खरं’ असं तो ठोक व्यापाऱ्याला कधी म्हणत नाही. खरं माप आहे आणि ते आपल्या दोघांवर बंधनकारक आहे, हे त्याला पुरतं ठाऊक असतं. येशूचा प्रेषित पौल यानं बायबलातल्या रोमकरांस पत्रात हेच लिहिलंय, की ज्यांना नियमशास्त्र, म्हणजे देवाचे लेखी नियम, मिळालं नाही त्यांच्याही अंतःकरणावर ते लिहिलेलं आहे. सरांचा चोखपणा मला म्हणूनच कोड्यात टाकत नाही.

सर सोडतात थोडेच. त्यांनी प्लेटोच्या काळापासूनचा पेच टाकला. देव सांगतो म्हणून एखादी गोष्ट चांगली, की चांगली आहे म्हणून देव सांगतो? पहिलं धरलं तर उद्या तो चोरी कर म्हणाला की चोरी चांगली. दुसरं धरलं तर देवाच्याही वर एक माप आलं.

ख्रिस्ती उत्तर या दोन्हींत बसत नाही. माप देवाच्या बाहेर नाही आणि त्याच्या लहरीवरही नाही. देव स्वतः जसा आहे तेच माप. १८८९ पासून पॅरिसजवळ सेव्हर इथं प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल किलोचा मूळ नमुना होता. तो एक किलो भरतो का, हा प्रश्नच गैरलागू होता, कारण किलो म्हणजेच तो.

“पण तो तर चुकला की हो!” सर हसले. त्यांचं खरं होतं. शंभर वर्षांत तो नमुना आणि त्याच्या प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला, आणि २० मे २०१९ पासून किलो प्लँकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवर, बांधला गेला. मी म्हटलं, म्हणून तर आम्ही ठोकळ्याला देव म्हणत नाही. माणसानं घडवलेलं माप डळमळलं तेव्हा शास्त्रज्ञांनी माणसानं न घडवलेलं काही शोधलंच ना? यावरून थेट येशूपर्यंत पोचता येत नाही, हे मलाही कळतं. आणि बायबलात देवानं अब्राहामाला मुलाचा बळी दे म्हटलं त्याचं काय, असं सरांनी विचारलं, त्यावर माझ्याकडं झटपट उत्तर नाही.

वाइटाबद्दल मात्र दुकानदाराला ऑगस्टीन चटकन पटतो. तो चौथ्या-पाचव्या शतकातला उत्तर आफ्रिकेतला बिशप. तरुणपणी तो मानीच्या पंथात होता, जिथं उजेड आणि अंधार या दोन स्वतंत्र शक्ती मानत. पुढं त्यानं ते सोडलं आणि म्हटलं, वाईट ही वेगळी वस्तू नाही, ती चांगल्याची उणीव आहे. माझ्या गल्ल्यावरून बघा: ९५० ग्रॅमला किलो म्हणून खपवायचं तर खरा किलो आधी असावा लागतो, आणि गिऱ्हाइकाचा त्यावर विश्वास असावा लागतो. लबाडी खऱ्याच्या जिवावर जगते. हिशोबापुरतं हे नीट बसतं. ज्याचं लेकरू गेलंय त्याला मात्र ‘उणीव’ म्हणून समजवायला मी जाणार नाही.

आमची माणसं धुतल्या तांदळासारखी आहेत असंही नाही. चर्चमध्येसुद्धा जात बघून वागवल्याचा इतिहास आहे. बायबलातला आमोस संदेष्टा ओरडला तो देवाचं नाव घेणाऱ्यांवरच. ते म्हणायचे: शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, कधी सरतो आणि धान्य विकायला कधी काढतो, एफा (धान्याचं माप) लहान करू, शेकेल (पैसे तोलायचं वजन) मोठा करू, गव्हाचा भुसाही विकून टाकू! भुसार विकणाऱ्यानं तो आठवा अध्याय दुकान उघडण्याआधी वाचू नये, दिवस जड जातो.

आता तक्रारी. गिऱ्हाइकाकडचा आकडा दुपारी ऊन आलं की दिसत नाही. माझ्याकडचा दिसतो, त्यांचा नाही. काटा बनवणाऱ्यानं हे उलटं करायला हवं होतं. आणि खेड्यावरून येणाऱ्या एक मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “त्या तराजूची दांडी दिसायची रे बाबा, ह्यात मला काय कळतंय?” त्यांना आकडे वाचता येत नाहीत. दांडी सरळ झालेली त्यांना कुणी न सांगता दिसायची, आता माझ्या शब्दावर विसंबावं लागतं. म्हणून स्टॅम्पिंग केलेलं एक किलोचं लोखंडी वजन आणि जुना तराजू दोन्ही गल्ल्याजवळ ठेवलेत. कुणी म्हटलं की त्यावर तोलून देतो. मावशी दर वेळी म्हणतातच.

काट्याला पाचपैकी साडेतीन गुण. घेताना स्टॅम्पिंगचं प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि ते दुकानात दिसेल असं लावा.