पावसाळाभर ‘द विचर ३’: अबोल गेराल्ट आणि त्याची दोन प्रेमं

‘द विचर ३’ या व्हिडिओ गेमबद्दल लोक लढाया, राक्षस आणि त्यातला ग्वेंट हा पत्त्यांचा डाव यांवर भरभरून लिहितात. मला इतके महिने धरून ठेवलं ते त्याच्या नायकाच्या, गेराल्टच्या न बोलण्याने. गेम २०१५चा, पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा. भाऊ नोकरीला मुंबईला गेला, पीएस फोर मालवणला राहिला. पावसाच्या तोंडावर सुरू केलेला खेळ तुळशीच्या लग्नापर्यंत पुरला. लाइट वरचेवर जायची, पण ऑटोसेव्हमुळे फारसं काही वाया गेलं नाही.

विचर म्हणजे लहानपणीच जहाल औषधं पाजून, शरीर बदलून तयार केलेला राक्षसमाऱ्या. त्यात त्यांच्या भावना मरतात असं त्या जगातली माणसं मानतात, आणि गेराल्टही सोयीचं म्हणून ते खोडून काढत नाही. त्याला आवाज देणाऱ्या डग कॉकलचा सूर घोगरा, सपाट. निम्मी उत्तरं नुसतं ‘हं’. आमच्याकडे असे पुरुष कमी नाहीत. बायकोला आयुष्यात गोड शब्द बोलणार नाहीत, पण जेटीवरून चांगला सरंगा आला की आधी तिच्यासाठी उचलतील. आये एकदा बाजूला बसून बघत होती. वैतागून म्हणाली, “मुको आसा काय रे ह्यो? बोलान टाक मां एकदाचा!”

बोलायचं की नाही हे आपल्या हातात असतं, हीच गंमत. नोव्हिग्राड शहराच्या धक्क्यावर ट्रिस ही चेटकीण जहाजात चढायला निघते तेव्हा तिला नुसतं थांबवता येतं किंवा प्रेम आहे म्हणता येतं. मी म्हटलं नाही. ट्रिस वाईट नाही, पण गेराल्टची स्मृती गेली होती त्या काळात ती त्याच्या जवळ आली, आणि त्याचं जुनं प्रेम असलेल्या येनेफर या चेटकिणीबद्दल तिला सगळं ठाऊक होतं. या खेळात ही गोष्ट ओझरती येते. शिवाय ट्रिस आधी भरपूर भेटते, तर येनेफर सुरुवातीला तोंड दाखवून थेट स्केलिगे बेटांवर. नव्या माणसाचं मन साहजिकच ट्रिसकडे झुकतं. ही मांडणी मला पटली नाही.

येनेफरची जिन्नीची मोहीम मात्र पुन्हा खेळावी अशी. पूर्वी गेराल्टने एका जिन्नीकडे मागितलेल्या इच्छेने दोघं बांधली गेलेली. आपलं प्रेम खरं की त्या जादूचा परिणाम, हे तिला जाणून घ्यायचंय. म्हणून स्केलिगेच्या समुद्रात होडी, तळाशी बुडी, मग डोंगरमाथ्यावर अडकलेलं फुटकं जहाज. बंधन तुटल्यावर ती सांगते की तिच्या मनात काही बदललं नाही. आता गेराल्टची पाळी. नाहीही म्हणता येतं, आणि ते तो इतक्या शांतपणे म्हणतो की ऐकवत नाही. (मी सेव्ह लावून ऐकलं.) दोघींनाही होकार दिला, तर त्या मिळून गेराल्टला पलंगाला बांधून निघून जातात. भावाच्या जुन्या सेव्हमध्ये हेच झालं होतं, आणि मी ते घरात सर्वांना सांगितलं.

या प्रेमांपेक्षा जास्त कस लागतो तो गेराल्टने मुलीसारखी वाढवलेल्या सिरीसोबत. ती खचलेली असताना तिला दारू पाजायची की बर्फाचे गोळे मारत खेळायचं? चेटकिणींपुढे सोबत जायचं की तिला एकटीला बोलू द्यायचं? अशा मोजक्या ठिकाणी बाप म्हणून कसं वागलो, त्यावर शेवटी ती वाचते की नाही ते ठरतं. खेळ हे आधी सांगत नाही, आणि तेच बरं.

तक्रार एकच: पडद्यावर उत्तराचे दोन-तीन शब्द दिसतात आणि गेराल्ट प्रत्यक्षात भलतंच तिखट बोलून मोकळा होतो.

घ्यायचाच तर दोन्ही विस्तार (नंतर आलेले जोडभाग) असलेली आवृत्ती घ्या. २०१६च्या ‘ब्लड अँड वाइन’मध्ये गेराल्टला तूसाँ नावाच्या प्रदेशात द्राक्षमळा आणि घर मिळतं, आणि अखेरीस तिथे कोण येतं ते तुमच्या आधीच्या होकारावर ठरतं. माझ्याकडे येनेफर आली. कोणालाच होकार दिला नसेल तर सिरी येते. ती वाचली नसेल तर गेराल्टचा कवी मित्र डँडेलियन.