कॉइलओव्हरचं 'फुल सेटिंग': माझे अठरा हजार कसे गेले

अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांच्या कोनांचा, जो कागद गॅरेजने मला दिला, त्यावर वेळ छापली होती सकाळी ११.४०. त्या वेळी माझी स्विफ्ट चाकं काढून जॅकवर उभी होती. मीच काढलेला फोटो मोबाइलमध्ये आहे. म्हणजे दुसऱ्याच गाडीचा कागद माझ्या हातात टेकवला होता. हे लक्षात आलं तीन महिन्यांनी, पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने तारेपर्यंत झिजल्यावर.

गॅरेज पुण्यातलं. कॉइलओव्हरचं किट, म्हणजे शॉकअपभोवतीच स्प्रिंग असलेलं आणि गाडीची उंची बदलता येणारं सस्पेन्शन, मी स्वतः आणलं होतं, ते चांगलंच आहे. फिटिंग आणि 'फुल सेटिंग' मिळून अठरा हजार ठरले. त्यात उंची, डॅम्पिंग (शॉकअपचा कडकपणा), अलाइनमेंट आणि चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून कॉर्नर वेट, म्हणजे प्रत्येक चाकावरचा भार जुळवणं, एवढं सगळं होतं. मालक बोलायला गोड. मी दुपारी ऑफिसला गेलो, संध्याकाळी गाडी तयार.

पहिल्याच स्पीडब्रेकरवर पुढून 'टक्' असा आवाज आला. फोन केला तर म्हणाला, "नवीन आहे साहेब, बसेल हळूहळू." पुढे कोल्हापूरला निघालो, तर खंबाटकी घाटात प्रत्येक खड्ड्याला शॉकअप बंपस्टॉपवर, म्हणजे चाल संपते तिथल्या रबरावर, आपटत होता आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढत होती. मागे बायको-मुलगी बसल्या होत्या. त्या घाटाची आठवण आली की अजून संताप होतो.

कोल्हापुरात एका जुन्या मेकॅनिकने गाडी उचलली आणि पुढची स्प्रिंग नुसती हाताने फिरवून दाखवली. सुटी होती! या किटमध्ये फिरवायचे आटे दोन ठिकाणी असतात, स्प्रिंगखालच्या रिंगला आणि शॉकअपच्या खालच्या ब्रॅकेटला. गाडी खाली-वर करायची ती खालच्या ब्रॅकेटने, म्हणजे स्प्रिंगचा ताण आणि शॉकअपची चाल तशीच राहते. पुण्याच्या गॅरेजवाल्याने ब्रॅकेटला हातही लावला नव्हता. स्प्रिंगखालची रिंग तेवढी खाली उतरवली होती, कारण ते झटपट होतं. त्यामुळे चाक लोंबलं की स्प्रिंग मोकळी आणि चाक वर आलं की शॉकअपला जागाच नाही. टेप लावली तर डाव्या-उजव्या रिंगमध्ये ११ मिमी फरक. डॅम्पिंगच्या नॉबचे क्लिक दोन्हीकडे सारखे हवेत, तर डावीकडे ८, उजवीकडे २१. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बोल्ट चाकं हवेत असतानाच आवळलेले, त्यामुळे गाडी खाली टेकल्यापासून रबरी बुश पिळलेलेच राहिले आणि फाटले.

जाब विचारला तर मालक म्हणाला, "तक्रार करा, आरटीओत तुमचीच गाडी अडकेल." गाडीत बदल केलेला माणूस गप्प बसतो, हे त्याला पक्कं माहीत आहे.

म्हणून सांगतो, सेटिंग चालू असताना तिथून हलू नका. दोन्ही बाजूंचे उघडे आटे आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर स्वतः टेपने मोजा. क्लिक पूर्ण कडक टोकापासून तुमच्यासमोर मोजायला लावा. अलाइनमेंटच्या कागदावर गाडीचा नंबर आणि वेळ बघा. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही रीडिंग मागा. आणि बिलावर एकेक काम वेगळं लिहून घ्या. माझ्या बिलावर फक्त 'जनरल सर्व्हिसिंग' लिहिलंय, आणि ग्राहक आयोगाकडे जायचं म्हटलं तर दुसऱ्या गाडीचा तो अलाइनमेंटचा कागद सोडून माझ्याकडे तेवढाच कागद आहे.