शिक्षा की भरपाई? कोणत्या वयाला काय लागू पडतं

शाळेत शिस्तीची नियमावली करायला बसलं की दोन मार्ग समोर येतात. एक, ठरलेली शिक्षा आणि बक्षीस. दुसरा, मुलाशी बोलायचं आणि बिघडवलेलं त्याच्याकडूनच नीट करून घ्यायचं. सगळ्या इयत्तांना एकच मार्ग लावू नका, एवढं मात्र मी आग्रहाने सांगेन.

सहा-सात वर्षांच्या मुलाचं लक्ष आधी नुकसानाकडे जातं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी 1932 साली मांडलेल्या अभ्यासात मुलांना विचारलं होतं, जास्त चूक कोणाची? दार उघडताना नकळत 15 कप फोडणाऱ्याची, की चोरून जॅम काढताना एक कप फोडणाऱ्याची? लहानांनी बहुधा 15 कपवाल्याला दोषी धरलं. नऊच्या सुमारास हेतू महत्त्वाचा ठरू लागला. गोष्ट सोपी करून सांगितली तर त्याआधीही मुलांना हेतू कळतो, हे पुढच्या संशोधनात दिसलं.

म्हणून लहान वर्गांत पहिला मार्ग उपयोगी: तीन-चारच नियम, रोज तेच, आणि परिणाम तिथल्या तिथे. शुक्रवारच्या खोडीची शिक्षा सोमवारी दिली, तर मुलाला तिचा संबंधच लागत नाही. बक्षिसांबाबत मात्र हात आखडता घ्या. 1973 च्या एका प्रयोगात चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं, आणि नंतर मोकळ्या वेळात ती चित्रांकडे कमी वळली.

भरपाईही या वयात जमते, फक्त ती हातांनी करायची असते. माझ्या वर्गात एकाने शेजारणीच्या चित्रावर रंगाचं पाणी सांडलं. "सॉरी म्हण" न म्हणता मी त्याच्या हातात फडकं दिलं. बाक पुसून झाल्यावर त्याने आपला कोरा कागद मुकाट्याने तिच्यापुढे सरकवला.

नऊ ते बारा वयात एकच प्रश्न: "मग त्याला का नाही?" इथे शिक्षा सर्वांना सारखी हवी, आणि नियम मुलांना बरोबर घेऊन केलेले बरे.

तेराव्या वर्षापुढे मी दुसराच मार्ग निवडेन. चारचौघांत केलेली कानउघाडणी मुलाला मित्रांपुढे ताठ उभं राहायला भाग पाडते. कॉपी करणाऱ्याला बाजूला घ्या, त्याचं ऐका, पेपर पुन्हा लिहून घ्या. याला वेळ लागतो. वहीत शेरा मिनिटात होतो, हे बोलणं अर्धा तास खातं. तेवढी सवड शिक्षकांना देणार नसाल, तर हा मार्ग कागदावर घेऊ नका. अर्धवट समेटाने मुलांचा विश्वास उडतो.

दादागिरीचं प्रकरण मात्र वेगळं. त्रास सोसलेल्या मुलाची स्वतःची तयारी असल्याशिवाय त्याला समोरासमोर बसवू नका. आधी ठरलेला नियम लावा, त्याला सुरक्षित करा, बोलणं नंतर.