दहावीनंतर आयटीआय की पदविका?

दहावीनंतर हाताला काम देणारे शिक्षण हवे असलेल्या मुलामुलींपुढे महाराष्ट्रात बहुधा आयटीआय (औद्योगिक प्रशिक्षण संस्था) आणि पॉलिटेक्निकमधली अभियांत्रिकी पदविका हे दोनच मार्ग येतात. आयटीआय हा कमी गुण मिळालेल्यांचा मार्ग, असे सर्रास म्हटले जाते. ते मला मुळीच मान्य नाही, कारण दोन्ही ठिकाणी शिकवले जाणारे कामच वेगळे आहे.

आयटीआयमध्ये जोडारी (फिटर), वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), कातारी (टर्नर) या व्यवसायांना दोन वर्षे लागतात, संधात्याला (वेल्डर) एक, आणि त्यातला बराचसा वेळ कार्यशाळेत जातो. जोडारीचा विद्यार्थी सुरुवातीला लोखंडाचा तुकडा कानशीने घासत राहतो. काटकोन तपासणारा गुण्या लावून तो तुकडा उजेडासमोर धरायचा आणि फटीतून प्रकाश आला की पुन्हा घासायचा. पदविका तीन वर्षांची असून पहिल्या वर्षी गणित, विज्ञान आणि ड्रॉइंग यांवर भर असतो. त्यामुळे ज्याला दहावीचे गणितच जड गेले, त्याने इथे नीट विचार करावा.

नोकरीतही हा फरक दिसतो. रेल्वेत तंत्रज्ञ पदासाठी आयटीआय चालते, कनिष्ठ अभियंता पदासाठी मात्र किमान पदविका लागते. आयटीआयनंतर १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर काम शिकता येते, आणि ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना असे उमेदवार घ्यावेच लागतात. माझ्या मते ही उमेदवारी टाळणे म्हणजे शिक्षण अर्धवट सोडणे होय.

पालकांना सहसा माहीत नसलेली गोष्ट अशी, की दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. म्हणजे पदविका तीनऐवजी चार वर्षांत होते, पण मधल्या टप्प्यावर घरची अडचण आली तरी हातात कमाईचे कसब असते. पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाची वाटही खुली आहेच. म्हणून घरात लवकर मिळकतीची निकड असेल तर मी आयटीआयच सुचवेन. तीन वर्षे निभावण्याची ऐपत आणि गणिताची गोडी दोन्ही असतील तर पदविका.

संस्था व व्यवसायांचा पसंतीक्रम देणारा विकल्प अर्ज भरण्यापूर्वी मात्र संस्थेच्या कार्यशाळेत एकदा स्वतः जाऊन यावे. लेथ चालू आहेत की धूळ खात आहेत, एका यंत्रावर किती मुले उभी आहेत आणि आपल्या व्यवसायाचे निदेशकपद (शिकवणाऱ्याचे पद) भरलेले आहे का, हे तिथेच विचारून घ्यावे.