गाडीत गरम होणारा डबा: आठ महिने वापरून झाले

हा डबा मी घेतला तो निव्वळ टोमण्यांमुळे. ऑनलाइन कॅरम खेळता खेळता जमलेली आमची चौकडी: निपाणीचा 'तंबाखू_सम्राट' (साधी विडीही ओढत नाही), गोकाकचा 'करदंट_४२०', बेळगावातल्या शहापूरची 'कुंदाक्का' आणि मी 'लोंढा_जंक्शन'. कामासाठी माझी आठवड्यातून दोनदा बेळगाव-पणजी फेरी असते. वाटेत गार आमटी-भाताचा फोटो टाकला की सम्राट सुरू. "जेवायलास की सिमेंट फोडायलास बे?" शेवटी अकराशे रुपये घातले.

आत स्टीलचे दोन डबे. एक वायर गाडीच्या १२ व्होल्टसाठी, एक घरच्या २३० साठी. खोक्यावर लिहिलंय, 'दहा मिनिटांत गरमागरम'. हे सपशेल खोटं, आणि हिशेब सोपा आहे. गाडीवर डबा ४० वॅट घेतो. अर्धा किलो पातळ जेवण २५ अंशांवरून ६५ वर न्यायला पाण्याच्या हिशेबानं ८४ हजार ज्यूल लागतात, म्हणजे ३५ मिनिटं, तीही थोडीसुद्धा ऊब बाहेर गेली नाही तर. मला पाऊण तास ते पन्नास मिनिटं लागतात. म्हणून बेळगाव सोडतानाच पिन खोचायची आणि कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाच्या गावी, झाकण काढायचं. जांबोटीच्या जंगलात आमटीचा वास सुटतो तेव्हा हा डबा पैसे फेडतो. इंजिन बंद करून मात्र लावून ठेवू नका, बॅटरी बसेल. आणि रेल्वेत मोबाइलच्या पॉइंटला असली भांडी लावायला बंदी आहे. सम्राटाचा 'राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये लावून बघ की' हा सल्ला मी ऐकला नाही, तुम्हीही ऐकू नका.

आमटी, सांबार, पातळ भाजी, भात: उत्तम. भातावर दोन चमचे पाणी शिंपडा, नाहीतर कडेला खरपुडी धरते.

कोरड्याचं काही खरं नाही. कुंदाक्कानं हट्टानं मांडे घालायला लावले. उपड्या भांड्यावर भाजलेला, कागदासारखा मांडा. झाकणाखाली वाफ कोंडली आणि त्याचा ओला रुमाल झाला. "मनातले मांडे तरी कोरडे असतात लेका," सम्राट. मग कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, तापवला, तर तूप सुटून वर आलं. चवीला वाईट नव्हता, पण फोटो बघून अक्का तीन दिवस बोलली नाही.

करदंटानं, म्हणजे गोकाकच्या मिठाईनं, मात्र चकित केलं. कन्नडात 'करिद अंटु' म्हणजे तळलेला डिंक. त्यावर गूळ आणि सुकामेवा, म्हणजे थंडीत दातांची परीक्षाच. डब्यात दहा मिनिटं ठेवलं की गूळ सैल होतो आणि वडी अलगद तुटते. ही युक्ती 'करदंट_४२०'चीच. त्यावर सम्राट म्हणाला, "गप बस लेका, तुझे दात पडलेत काय?"

तक्रार एकच, पण मोठी. चौथ्या महिन्यात झाकणाची रबरी रिंग ढिली पडली आणि चोर्ला घाटाच्या वळणावर कटाची आमटी सीटवर. कंपनीला फोन केला तर रिंग सुटी मिळत नाही, नवा डबा घ्या म्हणे! शेवटी बेळगावच्या गणपत गल्लीत भांड्यांच्या दुकानात वीस रुपयांची रिंग मिळाली. अजून टिकून आहे. सीटला मात्र दमट दिवसांत गरम मसाल्याचा वास येतो.

ऑगस्टमध्ये आम्ही चौघं पहिल्यांदा भेटलो, गोकाकच्या धबधब्यावर. घटप्रभा लाल होऊन ५२ मीटर खाली कोसळत होती, शेजारी माणूस ओरडला तरी ऐकू येईना. 'करदंट_४२०' म्हणजे कोणी चोवीसचा पोरगा असणार अशी आमची खात्री. छत्री घेऊन आल्या त्या साठीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. सम्राट वर्षभर ज्यांना 'लेका' म्हणत होता त्यांच्या चक्क पाया पडला. "राहू दे रे, दात सगळे आहेत माझे," बाई म्हणाल्या.

डबा गाडीत लागलेलाच होता. अर्धा तास झाला, आमटी कोमटच. बाईंनी दोनदा झाकण उचलून बघितलं, मग माझ्याकडे वळल्या. "ह्याचं नाव 'लोंढा_पॅसेंजर' ठेवा की. उशिरा येतंय, पण येतंय."