डिझाइन बाय कॉन्ट्रॅक्ट आठ महिने वापरलं, त्यातले पहिले पाच महिने सर्व्हरवर ते बंदच होतं

सोळा पैशांवरून फोन आला तेव्हा मी जेवत होतो. आमचं सॉफ्टवेअर सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं काढतं आणि एका सोसायटीचे खजिनदार काका, बँकेतून रिटायर झालेले, विचारत होते की टँकरचे 10,000 रुपये 48 फ्लॅटमधे वाटले तर बेरीज 9,999.84 कशी येते. प्रत्येकी 208.33, गुणिले 48. काकांनी कागदावर करून बघितलेलं. वाईट याचं वाटलं की नेमकी हीच चूक पकडायला मी हिस्से पाडणाऱ्या फंक्शनवर (कोडच्या तुकड्यावर) पोस्टकंडिशन, म्हणजे काम संपल्यावर तपासायची अट, लिहून ठेवली होती, की सगळ्या हिश्शांची बेरीज मूळ रकमेइतकी आलीच पाहिजे, आणि टीममधे ती दाखवून मिरवलो पण होतो.

डिझाइन बाय कॉन्ट्रॅक्ट म्हणजे अशा अटी कोडमधेच लिहायच्या आणि कोड चालताना तपासायच्या: फंक्शन सुरू होण्याआधीची ती प्रीकंडिशन, संपल्यावरची पोस्टकंडिशन, आणि कायम खरी राहिली पाहिजे ती इन्व्हेरियंट. बर्ट्रांड मायरने 1980 च्या दशकात आयफेल या प्रोग्रामिंग भाषेमधे हे आणलं, तिथे ते भाषेतच आहे. पायथनवाल्यांना लायब्ररी (कोणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड) लावावी लागते. मी आयकॉन्ट्रॅक्ट घेतली, फुकट आहे म्हणून, दुसरं कारण नाही.

सुरुवातीला खरंच प्रेमात होतो. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे चूक कोणाची हे ठरतं. प्रीकंडिशन तुटली तर फंक्शनला कॉल करणाऱ्याची, पोस्टकंडिशन तुटली तर फंक्शन लिहिणाऱ्याची, विषय संपला. आधी "तुझ्याकडून नल (म्हणजे रिकामी किंमत) आला" "तू चेक का नाही केलास" यात अर्धी दुपार जायची, आणि मग दोघंही चेक टाकायचे, तोच चेक चार ठिकाणी. ते थांबलं.

मग सोळा पैसे. लॅपटॉपवर 10,000 आणि 48 टाकले, लगेच एरर. सर्व्हरवर तोच कोड, गुपचूप बिल काढून मोकळा. टेस्टमधे का नाही सापडलं, तर टेस्टमधे आम्ही 12,000 घेतलेले, भागिले 48, बरोब्बर 250. रात्री दीड वाजता कळलं की सर्व्हरच्या डॉकरफाइलमधे (सर्व्हर कसा उभा करायचा ते सांगणारी फाइल) पायथन-ऑप्टिमाइझ व्हेरिएबल, म्हणजे एक सेटिंग, 1 आहे. ते असलं की पायथन असर्ट (कोडमधले "हे खरं आहे ना" असे चेक) काढून टाकतो हे माहीत होतं, पण आयकॉन्ट्रॅक्टचे डेकोरेटर (फंक्शनच्या डोक्यावर लिहिलेल्या या अटी) पण त्याच खटक्यावर चालतात हे नव्हतं. डीफॉल्टच तसा आहे. ना वॉर्निंग, ना लॉगमधे एक ओळ. आणि ती ओळ टाकलेली कोणी, तर मीच, दोन वर्षांपूर्वी, छोट्या सर्व्हरवर भागावं आणि महिन्याला चार-पाचशे रुपये वाचावेत म्हणून. वाचलं काहीच नव्हतं.

त्या रात्री मी लायब्ररीला भरपूर शिव्या घातल्या. आता मत जरा बदललंय. डॉक्युमेंटेशनमधे लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं. आणि चेक बंद करायची सोय आयफेलमधेही आहेच. पण बंद केल्यावर काय होतं याचं उदाहरण कॉन्ट्रॅक्टवाल्यांच्याच आवडीचं आहे, एरियन 5 रॉकेट. 4 जून 1996, पहिलंच उड्डाण, चाळीसेक सेकंदांत खेळ खलास. 64 बिटचा फ्लोट (दशांश आकडा) 16 बिटच्या इंटिजरमधे (पूर्णांकात) मावला नाही, कोड एरियन 4 चा जसाच्या तसा उचललेला. मायर आणि मंडळी म्हणाली, मर्यादा कॉन्ट्रॅक्टमधे लिहायला हवी होती. मला त्यातली दुसरीच गोष्ट टोचते. अशा सात व्हेरिएबलपैकी चारांना संरक्षण दिलेलं, तीन तशीच सोडलेली, कारण प्रोसेसरवर 80 टक्क्यांच्या वर लोड जायला नको होता. म्हणजे काटकसरच की! तिकडे रॉकेट, इकडे चारशे रुपये.

असो. व्हेरिएबल काढून टाकलं, बिलिंग जॉब 4 मिनिटांवरून 11 वर गेला, आणि तिसऱ्या दिवशी नवीन भानगड. पेमेंटच्या सीएसव्ही (टेबलची साधी फाइल) इम्पोर्टमधे शून्य नोंदी, एरर काही नाही. प्रीकंडिशन होती की प्रत्येक रक्कम शून्यापेक्षा जास्त हवी. टेस्टमधे लिस्ट जायची, सर्व्हरवर जनरेटर, जो ओळी एकेक करून एकदाच देतो. तपासता तपासता प्रीकंडिशननेच सगळ्या ओळी खाऊन टाकल्या, फंक्शनच्या हातात रिकामी पिशवी. आणि पोस्टकंडिशन काय, तर खात्यात टाकलेली बेरीज आलेल्या ओळींच्या बेरजेइतकी हवी. शून्य बरोबर शून्य. पास! म्हणजे कॉन्ट्रॅक्ट बंद होतं तेव्हा इम्पोर्ट नीट चालत होता आणि चालू केल्यावर बिघडला, हे मॅनेजरला समजावून सांगताना माझा आवाज बारीक झाला होता.

आता काय केलंय, तर स्वस्तातल्या कॉन्ट्रॅक्टना एनेबल्ड ट्रू (म्हणजे कायम चालू) हाताने लिहिलंय, जड आहेत ते स्लो मार्क करून फक्त टेस्ट सर्व्हरवर, जॉब 5 मिनिटांवर आला. शिवाय सर्व्हिस सुरू होताना आम्ही मुद्दाम एक कॉन्ट्रॅक्ट मोडतो, एरर आली नाही तर सर्व्हिस उठतच नाही. ही सहा ओळींची गोष्ट पहिल्या दिवशी करायला हवी होती, बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं करा. आणि प्रीकंडिशनच्या आधी जनरेटरची लिस्ट करून घ्या.

टँकरचं पण मिटलं, उरलेले सोळा पैसे पहिल्या सोळा फ्लॅटना एकेक पैसा लावून टाकतो, बेरीज जुळते, पोस्टकंडिशन खूश. परवा काकांचा परत फोन. त्यांचा फ्लॅट सातवा आहे, आणि दर महिन्याला त्यांनाच पैसा जास्त का, असं विचारत होते. याची इन्व्हेरियंट कशी लिहायची ते बघतोय.