भांडुपच्या डोंगरावरची अंगणवाडी: साडेतीन स्टार

आधीच सांगते, हा हॉटेलचा नाहीतर साडीच्या दुकानाचा रिव्ह्यू नाहीये. लोक पाणीपुरीच्या गाडीला पण फोटोसकट रिव्ह्यू देतात, आणि जिथे पोरगी रोज बसते, जेवते, त्या जागेबद्दल कोणी दोन ओळी लिहीत नाही, म्हणून मी लिहितेय. केंद्राचा नंबर देणार नाही, बाईंना उगाच वरून फोन यायला नको.

भांडुप पश्चिम, रिक्षा जिथे हात जोडते तिथून साठ-सत्तर पायऱ्या वर. खोली भाड्याची, दहा बाय बारा असेल. पोटमाळ्यावर घरमालकाच्या गाद्या आणि गणपतीचं मखर, खाली चटई, चटईवर वीसेक पोरं. मागची भिंत डोंगराला लागून, त्यामुळे पावसाळ्यात ओल धरते आणि तक्ते सोलून पडतात, आंब्याचा आ अजून आहे, अननसाचा अ जूनमध्येच गेला. संडास नाही. पोराला लागली की मावशी शेजारणीच्या मोरीत नाहीतर सार्वजनिकला घेऊन पळते. इथे अर्धा स्टार गेला.

माझी पोरगी आधी गल्लीतल्या प्लेस्कूलला होती. महिन्याला अठराशे, वर गॅदरिंगच्या ड्रेसचे साडेसातशे वेगळे. मग मिस्टरांचं काम सुटलं, मी घरी गाऊन-ब्लाऊज शिवते त्यात किती भागणार, नाव काढलं आणि इथे घातलं. सासूबाई म्हणाल्या, "आता सरकारी खिचडीवर वाढवायची का नात?" मी गप्प बसले, कारण खरं सांगायचं तर मला पण तसंच वाटत होतं. पहिला आठवडा मी तिला मागच्या पायऱ्यांनी न्यायचे, प्लेस्कूलच्या पोरांच्या आया समोरच्या रस्त्याला उभ्या असतात ना.

आता जेवणाचं. तीन ते सहा वर्षाच्या पोरांना गरम जेवण, बचत गटाच्या बायका शिजवून आणतात. मुगाची खिचडी, मटकीची उसळ, लापशी, असं फिरतं असतं. खिचडी चांगली असते, मीठ जरा हात राखून, तेल तर फारच राखून. उसळीत रस्सा जास्त मटकी कमी, हे मी दोनदा बोलले पण. लापशी मात्र पोरं वाटी चाटून खातात. मावशी एकाच स्टीलच्या वाटीने मापून वाढते, काठाला बोट फिरवून सपाट करते, कोणाला कमी नाही कोणाला जास्त नाही.

एक मुलगी दोन डबे आणते. दुसरा डबा बहिणीचा, ती असेल बाराएक वर्षाची, शाळा सोडून घरी तान्ह्या भावाला सांभाळते कारण आई सकाळी सहाला धुण्याभांड्याला जाते. ती बहीण कुठल्याच यादीत बसत नाही. मावशी सगळ्यांना वाढून झालं की पातेलं कलतं करून पळीने कडा खरवडते, आणि ते त्या डब्यात जातं. एक दिवस काहीच उरलं नाही तर मावशीने रिकाम्या डब्याचं झाकण लावून तसाच हातात दिला, आणि ती मुलगी पायऱ्या उतरताना तो वाजवत वाजवत गेली. मी तिथेच उभी होते पोरीची चप्पल शोधत.

मग मी बाईंना विचारलं की मापून का वाढता एवढं, जरा जास्त का नाही मागवत. त्या म्हणाल्या, "ताई, एका पोराला दिवसाला आठ रुपये धरलेत, त्यात धान्य पण आलं आणि बाकी सगळं पण." मला वाटलं जेवणामागे वीस-पंचवीस तरी असतील! घरी येऊन मोबाईलवर शोधलं तर खरंच की, २०१७ ला सहाचे आठ केले, अतिकुपोषित पोराला बारा, गरोदर बाईला साडेनऊ. आणि या आठ रुपयात ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रोटीन बसवायचं असा तेव्हाचा नियम. आमच्या नाक्यावर आठ रुपयात कटिंग देत नाहीत. वर्षाला तीनशे दिवस जेवण धरलेलं असतं, म्हणजे एका पोरामागे वर्षाचे चोवीसशे, गॅदरिंगच्या ड्रेससकट प्लेस्कूलचा एक महिना पण भागत नाही त्यात.

अंडं नाही. हा माझा सगळ्यात मोठा राग आहे. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून पोरांना अंडी नाहीतर केळी देतात, द्यायलाच पाहिजेत, पण डोंगर आमचा पण डोंगरच आहे की. एनएफएचएस म्हणजे सरकारचा देशभरातला कुटुंब-आरोग्य सर्वे, त्याचा पाचवा आहे ना, २०१९ ते २१ चा, त्यात महाराष्ट्रातली पाच वर्षाखालची ३५ टक्के पोरं वयाच्या मानाने बुटकी आणि जवळजवळ २६ टक्के उंचीच्या मानाने बारीक निघाली. एवढ्या श्रीमंत राज्यात. या दुसऱ्या आकड्यात तर आपण देशाच्या सरासरीच्या पण पुढे आहोत, देशाचा १९ आहे.

माझा भाऊ बँकेत आहे, रक्षाबंधनाला आलेला तेव्हा यावरून आमचं वाजलं. त्याचं म्हणणं ही सगळी रेवडी आहे, फुकट वाटून कोणाची गरिबी गेलीय का, आमचा टॅक्स जातो त्यात. मी म्हणलं दादा, चार वर्षाच्या पोराने काय नोकरी करायची का आधी मग जेवायचं? आणि वाटून जात नाही हे पण खरं नाही. अमेरिकेत २०२१ ला सरकारने पोरं असलेल्या घरांना काही महिने दर महिन्याला सरळ पैसे दिले, तर तिथली बालगरिबी एका वर्षात ९.७ टक्क्यावरून ५.२ वर आली, आणि दुसऱ्या वर्षी ते बंद केलं तर १२.४ वर गेली. त्या एका वर्षात तिथले आईबाप जास्त मेहनती झाले आणि पुढच्या वर्षी परत आळशी झाले असं तर नाही ना? दादा म्हणाला तू हल्ली मोबाईलवर फार वाचतेस. आणि पुरणपोळी दोन खाऊन गेला, फुकट.

बाईंबद्दल. सेविका म्हणजे फक्त पोरांना अ आ इ शिकवते असं मला वाटायचं. कागदावर सहा सेवा आहेत, १९७५ ला २ ऑक्टोबरला ही योजना सुरू झाली तेव्हापासून: आहार, लसीकरण, तब्येत तपासणी, गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं, शाळेआधीचं शिक्षण, आणि आयांना आरोग्याचं-आहाराचं सांगणं. त्यावर सर्वे, रजिस्टर, मीटिंगा. सेविकेला आता तेरा हजार मानधन, मदतनीसला साडेसात, वर थोडा भत्ता, हे पण २०२४ ला वाढलं तेव्हा. मानधन हा शब्द बघा, पगार म्हणत नाहीत, पगार म्हणलं की कर्मचारी म्हणावं लागेल. २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ग्रॅच्युइटी यांना लागू होते असं सांगितलं तेव्हा बाईंनी पेढे वाटलेले, आमची शेजारीण सांगते. आणि ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासच्या वर दिवस राज्यभर संप झाला तेव्हा तिचा मोठा याच अंगणवाडीत होता, मी तेव्हा बाईंना खूप बोलले, पोरं उपाशी ठेवतात म्हणून. आत्ता लिहिताना लाज वाटते.

मोबाईलचं प्रकरण वेगळंच. तीन वर्षाखालच्या पोरांचं आहाराचं पाकीट घरी न्यायचं असतं, त्यासाठी आता आईचा चेहरा ॲपमध्ये जुळावा लागतो. खोलीत उजेड नाही, नेटवर्क नाही, म्हणून बाई पायऱ्यांवर येऊन एकेका बाईला उन्हात उभी करतात, पदर मागे घ्या, हलू नका, डोळे मिचकवा. शेजारणीचा चेहरा तीन वेळा जुळला नाही, बाळंतपणानंतर सुकलीय ती, आधारवर गालफडं भरलेली आहेत. बाळ कडेवर रडतंय आणि मशीन म्हणतंय ही तू नाहीस. पाकिटाची चव तर विचारू नका, आमच्याकडे अर्धी पाकिटं कोंबड्यांच्या पोटात जातात. मागे एक महिना पाकीट आलंच नाही, तेव्हा मात्र त्याच बायका रोज विचारायला यायच्या, आलं का आलं का. इथे अजून एक स्टार कापलाय.

लोक म्हणतात पालिका काय करते. ही पालिकेची नाहीच, राज्याच्या महिला व बालविकासकडे आहे, आणि जेवणाचा अर्धा खर्च केंद्राचा अर्धा राज्याचा. म्हणजे आठ रुपयात दोघं मिळून! चार तुम्ही काढा चार आम्ही, वडापाव शेअर करताना पोरं करतात तसं. मला कोणी विचारलं तर मी म्हणेन सरळ वीस करा, अंडं घाला, भाडं असं द्या की संडास असलेली खोली मिळेल, आणि मतं मागायला आलात की पहिल्यांदा हेच विचारणार.

बाकी पोरीचं म्हणाल तर इथे आली तेव्हा वाढीच्या तक्त्यावर पिवळ्या पट्ट्यात होती, म्हणजे वजन कमी. अठराशे रुपये घेणाऱ्या प्लेस्कूलने एकदा पण वजन केलं नव्हतं, बाईंनी दुसऱ्याच दिवशी केलं आणि दंडाला पट्टी लावून बघितली. मग घरी आल्या, सासूबाईंसमोर मांडी घालून बसल्या आणि चहा-बिस्किट बंद करा, शेंगदाणे-गूळ द्या असं सांगून गेल्या. सासूबाई माझं कधी ऐकत नाहीत, त्यांचं ऐकलं. फक्त तो वजनाचा लटकता काटा जुना आहे, पोर काढलं तरी सुई किलोभर वरच राहते, बाई ते मनात वजा करतात.

नाव घालायला गेलात तर सकाळी जा, पोरीचं आणि आपलं आधार घेऊन. सोबत एक डबा आणि चमचा. पाण्याची बाटली पण, पिंपातलं पाणी बाई झाकून ठेवतात पण नळ दिवसातून एकदाच येतो.

एडिट: काल नवीन डिजिटल काटा आला. सेल आले नाहीत. मी घरच्या रिमोटमधले दोन काढून नेले, सासूबाईंची सिरीयल बुडाली. पोरगी १३ किलो ४०० ग्रॅम, पट्टा हिरवा.